चुन्याची ओली बोटं

तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. यात मी पदरचा एक शब्दही घातलेला नाही.

जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मावसबहीण, रक्षा. राहणारी सिंदी रेल्वे या गावची. नोकरी तुरुंग शिपायाची.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं जुनं, छोटं सबजेल. आता ते बंद झालंय. गावाचं नाव घेऊ नकोस, असं रक्षानं मला बजावलंय.

आणि हो... हे रात्री घडलेलं नाही.

भर दुपारी घडलं. बारा ते तीनच्या बंदीत.

दुपारचं जेवण झालं की कैद्यांना पुन्हा आत घालून कुलूप लावतात. चाव्या ऑफिसात जमा होतात. तीन वाजेपर्यंत काहीही होवो, कुलूप उघडत नाही.

त्या वर्षी जेलमध्ये तंबाखू, बिडी, सुपारीत घोटलेला खर्रा, सगळ्यावर कडक बंदी आली. रक्षाला आनंदच झाला. तिचे वडील खर्र्यापायी तोंडाच्या कॅन्सरनं गेले होते. शेवटी शेवटी त्यांच्या तोंडात चमचाही शिरत नव्हता. म्हणून झडती घेताना ती कोणाची गय करत नसे.

महिलांच्या बॅरेकमध्ये पाच जणी होत्या. त्यातली म्हातारी एकच. मंदाबाई, अल्लीपूरकडची. बांधाच्या भांडणात आत आलेली, केस अजून चालू. कापूस वेचायच्या वयापासून तंबाखू खाणारी.

एका सकाळी रक्षाला तिच्या कमरेला खोचलेली पुडी सापडली. चिमूटभर तंबाखू आणि बोटभर चुना.

रक्षानं मंदाबाईला जेलरसाहेबांपुढं उभं केलं आणि पुडी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"कोणी आणून दिली?" साहेबांनी विचारलं.

"नाई सांगत," मंदाबाई म्हणाली.

"शेवटच्या कोठडीत एकटी टाकीन."

"टाका ना. कोठडीत टाकल्यानं नाव उगवते का?"

शेवटची कोठडी बॅरेकला लागूनच होती. कित्येक वर्षं तिथं कोणाला ठेवलं नव्हतं. त्या दिवशी ते दार उघडलं आणि मंदाबाई ताठ मानेनं आत गेली.

तिसऱ्या दिवशी, बंदीत, तिनं हाक मारली.

"रक्षा पोरी... छातीत दाटून राह्यलं. दार उघड व."

रक्षा पळत ऑफिसात गेली. साहेब पंख्याखाली बसले होते.

"तलफ आली तिले. नाटकं आहेत सारे. बंदीत चावी निघत नाई."

रक्षा तीनदा गेली. तीनदा हेच उत्तर मिळालं.

मग ती कोठडीपाशी बसली. गजांतून तिला पाणी पाजलं. तिचा हात धरून ठेवला.

"तुह्यावर राग नाई मले," मंदाबाई म्हणाली. "तू तुही नोकरी करून राह्यली. पण नाव नाई सांगत मी."

पावणेतीनला तो हात सैल पडला.

पुढचे चार दिवस कोठडी रिकामी होती. दाराला कुलूप होतं.

पाचव्या दिवशी, साडेबाराच्या सुमारास...

खस्... खस्... खस्...

तळहातावर अंगठ्यानं काहीतरी मळल्यासारखा आवाज.

मग थाप. पट्. पट्. पट्.

बॅरेकमध्ये अंकिता नावाची एक तरुण कैदी होती. ती गजांशी आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मॅडम, तुमाले ऐकू येऊन राह्यलं का?"

रक्षा कोठडीपाशी गेली. कुलूप जसंच्या तसं होतं. आत कोणी नव्हतं.

पण नाकात तंबाखूची खकाणी शिरली. तिला सटासट शिंका आल्या.

आणि समोरच्या भिंतीवर... चुन्याचं एक बोट पुसलेलं होतं.

ओलं.

दुसऱ्या दिवशी दोन बोटं झाली. तिसऱ्या दिवशी तीन. साहेबांनी चावी स्वतःच्या खिशात ठेवली. सगळ्यांची झडती घेतली, गाद्या उसवल्या. काही निघालं नाही. भिंतीला काळा तेलरंग फासून घेतला.

चौथ्या दुपारी त्या काळ्या रंगावर चार बोटं होती. चुना खाली ओघळत होता.

त्याच दुपारी साहेबांनी रक्षाला ऑफिसात बोलावलं. मृत्यूच्या चौकशीसाठी मॅजिस्ट्रेट येणार होते. टेबलावर राऊंडच्या नोंदवहीत मंदाबाई गेली त्या दिवसाचं पान उघडं होतं.

"लिही. साडेबारा, कैदी झोपलेली. एक वाजता, झोपलेली. दीड वाजता, तक्रार नाही. चावी मागितली होती हे कुठं यायला नको."

रक्षानं पेन उचललं नाही.

"अगं, जन्मभर तंबाखू खाल्ली बाईनं. हार्ट गेलं. तुझे वडीलही तंबाखूनंच गेले ना?"

इथं रक्षाचं डोकं फिरलं.

"माहा बाप खर्र्यानं गेला, साहेब. ही बाई बंद कुलपानं गेली. मी तीनदा आलती तुमच्याकडे."

"मग मी लिहितो की तंबाखू तूच आणून दिली. नोकरी जाईल."

"लिहा."

तेवढ्यात...

खस्... खस्... खस्...

या वेळी कोठडीतून नाही. ऑफिसातच. साहेबांच्या खुर्चीमागून.

साहेब ताडकन उठले. मागे नुसती भिंत होती.

पट्. पट्. पट्.

तिकडे बॅरेकमधून तशीच थाप आली. अंकितानं हातावर हात मारायला सुरुवात केली होती. मग दुसरीनं. मग चौघींनी. पट्. पट्. पट्.

"बंद करा!" साहेब खिडकीतून ओरडले. "एकेकीला कोठडीत टाकीन!"

"टाका!" अंकिताचा आवाज आला. "सगळ्याइले टाका!"

थाप आणखी जोरात पडू लागली. बायकांची कुठली आणि ती दुसरी कुठली, काही कळेना.

पुडी पकडून देणारी तीच होती. खुर्चीमागचं जे काही होतं, ते तिच्या बाजूनं आहे की तिच्यावर उठलंय, हे तिला कळत नव्हतं.

तरी तिनं पेन उचललं.

किती वाजता हाक आली. किती वाजता चावी मागितली. काय उत्तर मिळालं. सगळं वेळेनिशी लिहिलं आणि खाली सही केली. साहेबांनी वही ओढायला हात पुढं केला...

आणि तसाच मागं घेतला. त्यांना काय दिसलं, ते त्यांनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

पुढं साहेबांची बदली झाली. रक्षाचीही झाली. चौकशी अजून चालू आहे. जबाब फिरव म्हणून तिला फोन येतात. ती एकच सांगते, "जे पाह्यलं तेच लिहिलं. काय करायचं ते करा."

इथपर्यंत ठीक होतं.

मागच्या महिन्यात मंदाबाईची मुलगी मोनाली सिंदीला रक्षाच्या घरी आली. आईचा हात शेवटपर्यंत कोणी धरला होता, ते तिला पाहायचं होतं. दोघी रडल्या. मग रक्षानं धीर करून विचारलं, पुडी कोणी दिली होती? तुम्ही का?

"आमच्यातलं तं कोणीच भेटायले गेलतं नाई, ताई," मोनाली म्हणाली. "पण कोर्टात तारखेले आई दिसली तवा सांगत होती. बाजूच्या कोठडीत एक बुढी आहे म्हणे. लय दिवसांची आहे. दुपारी सगळ्या झोपल्या की भिंतीपाशी बसून तंबाखू मळते, अन् गजातून हात काढून देते."

ती तारीख मंदाबाईला कोठडीत टाकायच्या पंधरा दिवस आधीची होती. तेव्हा ती कोठडी रिकामी, कुलूपबंद होती.

रक्षा साहेबांना घाबरली नाही. चौकशीलाही घाबरत नाही. पण त्या शेवटच्या कोठडीत पूर्वी कोण होतं, हे तिनं अजून कोणाला विचारलेलं नाही. जुने शिपाई आहेत, जुन्या नोंदवह्याही असतील.

मी म्हटलं, मी चौकशी करतो.

तिनं माझा हात घट्ट धरला आणि नको म्हणाली.