येतो म्हणायचं नसतं

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, मला कुणाला पटवायची हौस नाही. पण हे माझ्या सख्ख्या मामेभावाच्या बाबतीत घडलंय आणि मी तिथे होतो.

त्याला आम्ही ढापण्या म्हणायचो. चष्मा काढला की त्याला समोरची म्हैससुद्धा दिसत नसे. मागच्या हिवाळ्यात तो, मी आणि त्याची मैत्रीण पाठीवर सॅक टाकून भटकत होतो. नदीकाठच्या एका गावात एका रात्रीपुरते उतरलो आणि आठवडाभर तिथेच लोळलो. गावच तसं. कुणालाच कसली घाई नाही. दिवसभर पाण्यात पाय सोडून बसायचं.

आमच्या लॉजची टोकाची खोली कायम बंद असायची. बाहेरून कुलूप.

निघायच्या दिवशी, भर दुपारी, आम्ही तिच्यासमोरून चाललो होतो.

आतून आवाज आला…

"निघालात का?"

म्हातारा, मायाळू आवाज.

ढापण्या चालता चालता म्हणाला, "हो आजी, येतो."

मामीची शिकवणच तशी. कुणी 'जातो' म्हटलं की ती रागवायची.

लॉजची मालकीण जिन्यापाशी चादरींच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

"त्या खोलीत कुणी राहत नाही. आवाज आला तरी आम्ही बोलत नाही. आणि तुम्ही तर येतो म्हणालात."

"मग आजींना बरोबरच न्यायचं का?" मैत्रीण म्हणाली.

आम्ही हसलो. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

घरी आल्यावर ढापण्या गप्प गप्प राहू लागला. दिवेलागण झाली की दाराकडे बघत बसायचा.

"कुणीतरी विचारतंय," म्हणायचा.

"काय?"

"कधी येतोस…"

एका सकाळी तो सॅक घेऊन उंबऱ्यात उभा राहिला.

"आई, जातो."

"येतो म्हण रे," मामी म्हणाली.

त्याने वळूनही पाहिलं नाही. चष्मा टेबलावरच राहिला होता.

त्याचा फोन लागेना, तेव्हा मी मामीला घेऊन त्या लॉजवर गेलो. वाटेत तिला दहादा बजावलं, काहीही ऐकू आलं तरी बोलायचं नाही.

"इथे कुणी आलं नाही," मालकीण म्हणाली. तिने कुलूप काढून खोली दाखवली. रिकामी खाट, भिंतीला ओल. बस्स. तिने परत कुलूप लावलं.

आम्ही वळलो…

"आई, निघालीस का?"

ढापण्याचा आवाज. कुलूप लावलेल्या दाराच्या आतून.

मी मामीचा हात घट्ट दाबला.

ती शांतपणे म्हणाली, "हो बाळा. येते."

सवयीने म्हणाली की समजून उमजून, हे विचारायची माझी अजून छाती झालेली नाही.

काल संध्याकाळी तिच्याकडे गेलो होतो. दाराशी भरलेली पिशवी होती. पिशवीवर ढापण्याचा चष्मा, स्वच्छ पुसून ठेवलेला.

मी उठलो, तशी ती आतून म्हणाली…

"निघालास का?"

मी चपला घातल्या. उत्तर दिलं नाही.