लॅपटॉपमधलं 'येतो'

या मंडळी, असं जवळ सरकून बसा. दाराकडं पाठ करू नका, एवढंच सांगणं. आज भजन नाही, एक गोष्ट सांगतो.

घडलेली आहे. मी कीर्तनाला बसणारा माणूस, गळ्यात माळ आहे. असलं काही रचून सांगून मला काय मिळवायचंय? जिच्यावर बेतलं ती माझी सख्खी भाची, औशाची उज्वला. तिनं मला हे सांगितलं तेव्हा तिच्या हातातल्या चहावर साय धरली होती, तरी तिला प्यायचं भान नव्हतं.

ठिकाण नांदेड. विष्णुपुरीच्या रस्त्याला एका मेडिकल दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावरचं छोटंसं सॉफ्टवेअरचं ऑफिस. वेळ गेल्या वैशाखातली, दिवेलागणीची.

उज्वला चैत्रात तिथं नोकरीला लागली. ऑफिस म्हणजे काय, मालक दयानंद सर, दोन-चार पोरं, एक कूलर आणि दार उघडण्यापासून चहा आणण्यापर्यंत सगळं बघणारे लिंबाजी मामा.

पहिल्याच दिवशी लिंबाजी मामांनी तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

"लातूरकडच्या ना तुमी? प्या पोटभर. तुमच्याकडं पाणी रेल्वेनं येतंय म्हणं."

"ते कधीचं मामा! आता नळाला येतंय."

"येतंय ना? मंग प्या हळूहळू. सवय न्हाई तुमाला."

सगळे हसले. उज्वलाही हसली. मग सरांनी कपाटातून एक लॅपटॉप काढून तिच्यापुढं ठेवला... आणि हसणं एकदम थांबलं.

लिंबाजी मामा तांब्या उचलून बाहेर निघून गेले.

"सुगतचा आहे," सर हळू आवाजात म्हणाले. "मुदखेडचा पोरगा. दिवाळीनंतर गेला. संध्याकाळी गाडीवर घरी चालला होता, पुढं उसाची ट्रॉली... मागं लाल दिवा नव्हता. लॅपटॉप त्या दिवशी इथंच राहिला होता, म्हणून हा तेवढा वाचला."

मग त्यांनी लॅपटॉप तिच्याकडं सरकवला. "आधी गिटच्या सेटिंगमध्ये तुझं नाव टाक. नाहीतर तू काम करशील आणि चढेल त्याच्या नावावर."

आता हे गिट काय, ते मलाही उज्वलानंच समजावलं. बरेच जण एकच प्रोग्रॅम लिहीत असले की कुणी, कधी, काय बदललं ते हे गिट सांभाळतं. आपण काम करायचं, नोंद करायची. नोंद आपल्या मशीनमध्येच राहते. मग एक आज्ञा देऊन ती सगळ्यांच्या सर्व्हरवर पाठवायची. त्याला पुश म्हणतात. पुश केलं नाही तर केलेलं काम मशीनमध्येच अडकून पडतं. आणि प्रत्येक नोंदीवर नाव लागतं... सेटिंगमध्ये जे असेल ते.

उज्वलानं सुगतचं नाव काढलं. आपलं टाकलं. सगळी सेटिंग एकदा डोळ्याखालून घातली, तर खाली एक वेगळीच ओळ दिसली.

येतो... म्हणजे पुश.

तिला कळेना. सर वाकून बघायला आले.

"त्याचा शॉर्टकट आहे तो. इंग्रजी आज्ञा लांबलचक. हा नुसतं 'येतो' टाइप करायचा, की दिवसभराचं काम सर्व्हरवर जायचं. मी म्हटलं, अरे पाठवायचंय तर 'जातो' ठेव ना. तर म्हणाला, सर, घरातून निघताना जातो म्हणत नसतात. आई रागावते."

दारातून लिंबाजी मामांचा आवाज आला. "रोज सांजच्याला मशीनला येतो म्हणायचं, मंग मला. मी म्हणायचो, आधी माणसाला म्हण की रं!"



उज्वलानं ती ओळ तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पहिली नोंद केली. नाव आलं... सुगत.

ती घाबरली वगैरे नाही. इंजिनिअर पोरगी ती. तिला ठाऊक होतं, अख्ख्या मशीनला एक नाव असतं आणि एखाद्या कामाच्या फोल्डरला वेगळं देता येतं. फोल्डरमधलं नाव वरचढ ठरतं. तिनं शोधलं. फोल्डरमध्ये सुगतचं नाव होतं. काढलं. आपलं टाकलं.

संध्याकाळपर्यंत ठीक.

सकाळी पुन्हा... सुगत.

"उज्वला, हे काम कुणाच्या नावानं टाकलंस?" सरांच्या कपाळाला आठी.

तिनं त्यांच्यासमोर नाव बदललं. सरांनी स्वतः तपासलं. कपाटाला कुलूप लावून किल्ली खिशात घातली. सकाळी त्यांनीच कपाट उघडलं, त्यांनीच लॅपटॉप सुरू केला.

सुगत.

 त्या दिवसापासून सर तिच्या टेबलामागून जाणं टाळायला लागले.

आणखी एक गोष्ट होती. सुगतची स्वतःची एक शाखा होती. शाखा म्हणजे त्याच प्रोग्रॅमचा त्याच्या कामापुरता वेगळा धागा. तिथं मशीन दाखवायचं, एक नोंद झालेली आहे, पाठवायची राहिली आहे. तारीख तो गेला त्या दिवसाची.

"त्या संध्याकाळी लाइट गेली होती," सर म्हणाले. "नेट बंद. त्यानं नोंद केली असेल, पण पाठवणार कसं? अंधार पडायच्या आत घर गाठायचं म्हणून पळाला. राहू दे ते. त्याचं खातंही मी बंद केलंय. उद्या मशीनच फॉरमॅट करून टाकू, म्हणजे ही नावाची कटकट मिटेल."

फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून कोरं.

त्याच दुपारी जिन्यात चपलांचा आवाज आला. थांबत थांबत... दम घेत.

लिंबाजी मामांनी धावत जाऊन खुर्ची पुसली. "या महामायाबाई, जय भीम."

"जय भीम, भाऊ."

सुगतची आई. मुदखेडहून रेल्वेनं यायची अधूनमधून. काम काही नसायचं. डब्यात काहीतरी करून आणायची, लेकराच्या टेबलाजवळ बसायची, परत जायची. त्या दिवशी धपाटे होते.

उज्वला उठून उभी राहिली.

"बस माय, बस. तूच का नवी? खा. त्यो बी इथंच बसून खायचा." बाईंनी लॅपटॉपच्या झाकणावरून हात फिरवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाल्या, "तुला इचारू का एक? ह्या सगळ्यास्नी इचारून झालं."

"विचारा ना मावशी."

"त्या दिशी सकाळी त्यो निगाला तवा मी नळावर होते. मोटर चालू. तिचा आवाज लई. त्यानं दारातून कायतरी म्हणलं... मला ऐकू आलं न्हाई. मी हात हालवला नुसता. रोज येतो म्हणायचा. त्या दिशी येतो म्हणला का जातो म्हणला... का कायच म्हणला न्हाई? इथून निगताना तरी म्हणला का गं कुणाला?"

लिंबाजी मामा खाली बघत होते. त्या संध्याकाळी अंधारात गडबड होती. त्यांना आठवत नव्हतं. सरांनाही नाही.

"मावशी, मी तेव्हा नव्हते इथं," उज्वला म्हणाली.

"हाव. ठावं हाय मला." बाई कसनुशा हसल्या. "तरी इचारते. घास उतरत न्हाई बग."

त्या गेल्या. धपाटे तसेच राहिले.

उज्वलाचं मन कामात लागेना. उद्या हे मशीन कोरं होणार. त्या पोरानं जाता जाता केलेलं शेवटचं काम पुसलं जाणार. तिनं ठरवलं, आज निघायच्या आधी आपणच ते पाठवून बघायचं.

सहा वाजून गेले. सर लवकर गेले होते, बाकीची पोरंही. लिंबाजी मामा दूध आणायला खाली उतरले. बाहेर तांबूस उजेड होता.

तिनं सुगतची शाखा उघडली. बोटं कळांवर ठेवली...

लाइट गेली.

कूलर घरघरत थांबला. पंखा थांबला. नेटच्या डब्यावरचे दिवे विझले. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, तेवढाच पडद्याचा उजेड.

रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाजही येईना. खिडकीतली कबुतरं गप्प.

तिनं बोटं उचलून मांडीवर घेतली. आता नेट नाही, काही होणार नाही.

टक...

तिनं आपल्या हातांकडं बघितलं. हात मांडीवरच होते.

टक... टक... टक...

कळा आपोआप दबत होत्या. सावकाश. एकेका अक्षराचा विचार करत असल्यासारख्या. पडद्यावर अक्षरं उमटली.

येतो.

मग जरा वेळ काहीच नाही. अक्षरापुढची उभी पट्टी उघडमीट करत राहिली. दारात उभं राहून कुणी उत्तराची वाट बघावी, तशी.

 उज्वला म्हणाली, "सुगतदादा... या."

कळ दबली. ओळी भराभर सरकल्या. गेलं... गेलं... पोहोचलं.

नेट नसताना.

शेजारची खुर्ची करकरली. भांड्यावर भांडं ठेवल्यासारखा बारीक आवाज झाला. मग जिन्याकडून, पार लांबून, घाईत असलेल्या तरण्या माणसाचा आवाज आला...

"येतो गं माय!"

आणि पायऱ्या उतरत गेलेली पावलं.

उज्वला दाराकडं धावली. जिन्यात लिंबाजी मामा दुधाची पिशवी घेऊन भिंतीला अंग चोरून उभे होते. वरून कुणी उतरत असलं की आपण वाट देतो ना, तसे.

"मामा, कोण गेलं?"

"कुठं कोण?"

"मग असे बाजूला का उभे राहिलात?"

मामांनी भिंतीकडं बघितलं. रिकाम्या पायऱ्यांकडं बघितलं.  "ठावं न्हाई, ताई."

टेबलावर धपाट्यांचा डबा होता. झाकण नीट लावलेला. उज्वलानं तो उघडाच ठेवला होता.

सकाळी सरांनी सर्व्हर बघितला. सुगतची नोंद पोहोचलेली होती. पोहोचायची वेळ कालच्या संध्याकाळची. नाव त्याचं. बंद केलेल्या खात्यातून. सरांनी नेटवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, साहेब, सहानंतर तुमची लाइन मेलेलीच होती, रात्री सुरू केली.

सरांनी लॅपटॉप फॉरमॅट केला नाही. नंतर तो विषयच काढला नाही.

आमच्याकडं सप्ताह असतो तेव्हा वीणा जमिनीवर टेकवत नाहीत. दुसऱ्याच्या गळ्यात घातली, पायाला हात लावला, की मगच पहिला मोकळा. मी उज्वलाला म्हटलं, पोरी, त्याची वीणा कुणाच्या तरी गळ्यात घालायची राहिली होती, तू पुढं आलीस.  त्या दिवसापासून सेटिंगमध्ये तिचं नाव टिकलं. पुन्हा बदललं नाही.

आठवडाभरानं ती मुदखेडला गेली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली सुगतचा फोटो, समोर मेणबत्ती. महामायाबाई ज्वारी निवडत होत्या.

"मावशी, निघताना तो येतो म्हणाला होता."

बाईंचे हात थांबले. "कुणी ऐकलं?"

"मी."

त्यांनी हे विचारलं नाही, की तू तर नव्हतीस. एवढंच विचारलं, "कसं म्हणला? घाईत?"

"घाईत. येतो गं माय, असं."

बाईंनी पदर तोंडाशी धरला आणि मोठमोठ्यानं रडल्या. तो गेल्यापासून बहुतेक पहिल्यांदाच तशा रडल्या असतील. मग डोळे पुसले, उठल्या. चुलीपुढं बसून भाकरी केली, दूध वाढलं आणि पोटभर जेवल्या. उज्वलाचा जीव भांड्यात पडला...

जेवून झाल्यावर बाईंनी आणखी एक भाकरी टाकली. फडक्यात गुंडाळून दुरडीत झाकून ठेवली. दाराची कडी काढली आणि दार सताड उघडं करून आल्या.

"मावशी, ही कुणाला?"

"येतो म्हणलाय ना," बाई म्हणाल्या. "मंग यील की."

ते दार अजून संध्याकाळी लावत नाहीत.

आपण चांगलं केलं का वाईट, हे उज्वलाला आजही उमगत नाही. मला विचारते. 

ती अजून त्याच लॅपटॉपवर काम करते. निघताना 'येतो' टाइप करते. कधी कधी मशीन म्हणतं, पाठवायचं काही उरलेलं नाही, सगळं आधीच पोहोचलंय...

तिनं पाठवलेलं नसतं.

तर मंडळी, घरातून निघताना येतो म्हणा. मोठ्यानं म्हणा. मोटर चालू असेल तर बंद होईपर्यंत थांबा, गाडी काय, दुसरी मिळते. आणि कधी मुदखेडवरून रेल्वेनं गेलात, सांजेला एखादं दार उघडं दिसलं, तर मनातल्या मनात त्या पोराची आठवण काढा.

सुगत नाव त्याचं. येतो म्हणून गेलाय.