बिनब्रेकचा उतार

खरं सांगायचं तर अभिराज हे लिहिणारच नव्हता. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. पण सर्जापूर रोडला आता विजेच्या गाड्या आवाज न करता शेजारून सरकतात आणि त्याला सत्त्याण्णव साल आठवतं. महादेवपुऱ्याची पत्र्याची शेड, आणि हाताला पट्टी बांधून रत्नाबाईंच्या दारात उभा शिवाप्पा.

"अक्का, गाडी थांबलीच नाही हो. मालक म्हणतात, मी पिऊन होतो. संध्याकाळपर्यंत खरं काय ते कळलं नाही तर काम गेलं."

शिवाप्पा निपाणीकडचा, मल्हाररावांचा ड्रायव्हर. मल्हाररावांनी शेडमध्ये स्वतःची विजेची गाडी बनवली होती. एक मोटर पुढच्या चाकांना, एक मागच्या. अभिराज तिथेच मोटरींच्या तारा गुंडाळायचा. रत्नाबाई वीजखात्यात मीटर तपासून निवृत्त झालेल्या, आता खासगी तपास करायच्या. अभिराज त्यांना स्कूटरवरून न्यायचा. डोकं त्यांचं, किक त्याची.

"काल काय झालं?"

"आयुधपूजा!" अभिराजच सांगू लागला. "गाडी परवापासून मालकांच्या टेकडीवरच्या बंगल्यात. हार, कुंकू, चाकांखाली लिंबं. मी तर सकाळपासून चार्जिंगचा प्लगही लावलेला. पूजेच्या गाडीची टाकी भरलेली पाहिजे, आमच्या अप्पांच्या टॅक्सीला तसंच करायचो. दुपारी हा उतरायला लागला आणि पहिल्याच वळणावर भिंत!"

"एरवी कसा उतरतोस रे?" रत्नाबाईंनी शिवाप्पाला विचारलं.

"एरवी मालकांना वर सोडून लगेच खाली. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी आपोआप अडते, अक्का. ब्रेकची गरजच नाही. काल पाय उचलला, तर ही आपली सुटलीच. मग ब्रेक दाबला, पण स्वल्प उशीर झाला."

शेडमध्ये दयानंद मेकॅनिक भेटला, तोंड वाकडं करून.

"ही गाडी मला चालवायची होती, ते खरंय. म्हणून काय ब्रेकची नळी कापीन? बघा की!"

रत्नाबाईंनी पाहिलं. नळी अख्खी, तेल भरलेलं. चकत्यांवर गंज. पॅड नवेकोरे.

"हे कधी बदललेस?"

"कधीच नाही. चार हजार किलोमीटर झाले हिला."

रत्नाबाईंनी बॅटरीच्या काट्याकडे पाहिलं. काटा पार उजव्या टोकाला. अभिराजला काहीच उमगलं नाही.

संध्याकाळी मल्हारराव आले. "सरी, बरं, सांगा. कुणी केलं?"

"मोटर वीज खाऊन चाक फिरवते," रत्नाबाई म्हणाल्या. "उतारावर पाय उचलला की उलटं. चाकच मोटर फिरवतं आणि मोटर वीज बनवते. ते काम चाकाला जड जातं, म्हणून गाडी अडते. तुमच्या दोन मोटरी, म्हणून चारी चाकं एकदम अडतात. पॅड नवे, चकत्यांवर गंज, कारण शिवाप्पाला ब्रेक कधी लागलाच नाही."

"मग काल?"

"बनलेली वीज जाणार कुठे? बॅटरीत! एरवी चढण चढून ती रिकामी झालेली असायची, जागा असायची. काल काठोकाठ भरलेली. तुमचा कंट्रोलर अशा वेळी वीज आत घेत नाही, मग मोटरी अडवतही नाहीत. प्यायलेला माणूस नव्हता, मालक. प्यायलेली होती बॅटरी."

"पण वर प्लग लावला कुणी?"

रत्नाबाईंनी अभिराजकडे पाहिलं. टॅक्सी, हार, अप्पा, भरलेली टाकी, सगळं एकदम त्याच्या डोळ्यांपुढे आलं.

"मी," तो म्हणाला.

मल्हाररावांनी चेपलेल्या बॉनेटवरून हात फिरवला. मग शिवाप्पाकडे न बघता म्हणाले, "उद्या आठला ये."

बाहेर के. आर. पुरमच्या रस्त्याला अभिराज आणि शिवाप्पाने बाय-टू, म्हणजे एकच कॉफी दोन ग्लासांत, घेतली.

"माझ्यामुळे तुझा जीव जायचा होता रे."

"जीव आहे की," शिवाप्पा हसला. मग हसू ओसरलं. "पण गावाकडे बातमी पोचलीय, अभि. पिऊन गाडी ठोकली म्हणून. पोरीच्या सोयरिकीचं चाललंय. ते कोण खोडणार?"

अभिराजने ग्लास खाली ठेवला.

"येत्या रविवारी तुझ्याबरोबर मी गावाला येतो, तोंडाने सांगतो. आणि नंतर लिहूनही ठेवीन, शिवाप्पा. माझ्या नावानिशी."