तहानेची चव

रसास्वाद मंडळाची बस दिंडोरीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी येऊन थांबली तेव्हा नलिनी थेटे मांडवात पेले पुसत होती. दर पौषात, द्राक्षमण्यांत पाणी उतरून ते पिकायला लागले की मंडळाची सहल तिच्या बागेत यायची. आधी गेल्या हंगामाची वाइन चाखायची, तिला गुण द्यायचे, मग वांग्याचं भरीत आणि भाकरी. या वर्षी मात्र प्रत्येक पेल्याशेजारी एक इअरफोन ठेवलेला होता.

"हे काय, आता वाइन कानानं प्यायची?" मंडळाचे अध्यक्ष गायधनी सर म्हणाले. प्राचार्य म्हणून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी त्यांचा आवाज वर्गातलाच होता.

"आधी तोंडानं तर प्या, सर. आणि चूळ भांड्यातच टाका. गेल्या वर्षी माझ्या जास्वंदीला तुम्हीच चढवलीत."

सगळे हसले. नलिनीही हसली, पण तिचं लक्ष मांडवापलीकडे डोंगराकडच्या प्लॉटवर होतं. तिच्या नवऱ्यानं, अरविंदनं, लावलेल्या त्या वेली. तो गेल्यावर तिनं त्या पोरांसारख्या जपल्या. तीन वर्षांपूर्वी मंडळानं खर्च उचलून तो प्लॉट दत्तक घेतला, त्याची वाइन आपल्याकडे घेतली आणि अट घातली, की पिकण्याच्या दिवसांत वेलींना पाणी द्यायचं की नाही, ते सभासद हात वर करून ठरवतील. पाणी तोडलं की मणी लहान राहतो, रस दाटतो, वाइन खोल होते. तीन वर्षं एकही हात वर झाला नव्हता. दोनदा तिनं शब्दांत पाणी मागून पाहिलं होतं. आणि आता तिची नणंद शैला, वनस्पतींचा अभ्यास करणारी, स्पष्टच म्हणाली होती, "वहिनी, हेही वर्ष कोरडं गेलं तर एप्रिलच्या छाटणीनंतर या वेली फुटणार नाहीत."

म्हणून यंदा वेलींनीच मागायचं, असं नलिनीनं ठरवलं होतं.

त्याच प्लॉटच्या वाइननं पेले भरले गेले. मंडळात सर्वांत तल्लख जीभ दाताच्या डॉक्टर अनघा निमसे यांची. त्यांनी घोट तोंडात घोळवला. "आधी जांभूळ. मग सुकं अंजीर. आणि शेवटी पाणी शिंपडलेल्या दगडाचा वास." त्यांनी दहापैकी आठ गुण दिले. बाकीच्यांचेही त्याच्या आसपासच.

मग शैला उभी राहिली. "वेलीच्या खोडात मुळापासून पानापर्यंत पाण्याचे अखंड धागे असतात. तहान वाढली की धागा ताणतो, ताणतो आणि तुटतो. तिथे हवेचा बुडबुडा होतो आणि एक आवाज येतो. तो आपल्या कानाला ऐकू येत नाही. आम्ही खोडावर बसवलेलं यंत्र तो खाली उतरवून आपल्या पट्टीत आणतं. आम्ही त्याला तृषाश्रावक म्हणतो. इअरफोन लावा. समोरच्या वेली आत्ता, या क्षणी, हा आवाज करताहेत."

टक्. टक्-टक्. मग क्षणभर काही नाही. मग पुन्हा टक्, जणू कोणी नखानं बंद दार वाजवतंय.

गायधनी सरांनी पेला खाली ठेवला. अनघाताईंचे डोळे भरून आले. नलिनीला वाटलं, कळलं यांना. पांडुरंगा, कळलं!

तेवढ्यात सरांचा हात सवयीनं पेल्याकडे गेला. कानात तो आवाज तसाच चालू असताना त्यांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. एकामागून एक सगळ्यांनीच घेतला.

"ताई, ही तीच बाटली ना?" अनघाताई डोळे पुसत म्हणाल्या. "आत्ता किती खोल लागतेय हो!" आणि त्यांनी आठाचे दहा केले.

वाइन आता कडू लागेल, नरड्याखाली उतरणार नाही, अशी आशा धरून नलिनीनंही इअरफोन कानात सरकवून घोट घेतला. इतकी सुंदर चव तिच्या हातून आजवर उतरली नव्हती. ती चरकली. कीर्तनात उत्तररंगाला भक्ताचा छळ सुरू झाला की ती पदर तोंडाला लावून रडायची, आणि घरी येताना म्हणायची, आजचं आख्यान काय गोड झालं! पण बुवा कधी भक्ताला तसंच सोडून देत नसत. देव धावून आल्याशिवाय आरतीचं तबक पेटत नसे. इथे कोण धावणार होतं?

"पाणी द्यायचं का?" तिनं विचारलं. "हात वर करा."

कोणी कोणाकडे पाहिलं नाही. हात मांडीवरच राहिले.

"अजून एकच वर्ष, नलिनीताई," सर हळू आवाजात म्हणाले. "आणि शैलाताई, हा आवाज बाटलीबरोबर देता येईल का हो?" त्यांच्या स्वरात हाव नव्हती, भक्तिभाव होता. नलिनीला त्याचीच जास्त भीती वाटली.

ती उठली आणि सरळ ठिबकच्या व्हॉल्व्हपाशी गेली.

"ठराव झालेला नाही, ताई!"

"माहीत आहे सर. वाइन तुमची. वेली माझ्या आहेत."

"मग पुढच्या वर्षी मंडळ इथे येणार नाही."

"नका येऊ. आज भरीत मात्र खाऊन जा."

तिनं व्हॉल्व्ह फिरवला. नळ्यांतून हवा फुसफुसली आणि बुंध्याशी थेंब पडू लागले.

रागावून बसमध्ये जाऊन बसतील असं नलिनीला वाटलं होतं, पण माणसं इअरफोन कानात तसेच ठेवून जागची हलली नाहीत. भाकऱ्या गार झाल्या. उन्हं कलली, तशी टकटक विरळ होत गेली. एखाद्या आजाऱ्याचं कण्हणं झोप लागता लागता तुटक व्हावं, तशी. अखेर अनघाताईंनी इअरफोन काढला आणि रिकाम्या नजरेनं समोर पाहिलं.

"वहिनी, वाचल्या बहुतेक," शैला म्हणाली.

नलिनीनं मान हलवली. तिला हलकं वाटत होतं. मग तिच्या ध्यानात आलं, की आपण इअरफोन बोटानं आणखी आत दाबून धरलाय. आणखी एकदा, एकदाच तो आवाज यावा, म्हणून.

तिनं तो झटकन काढून टेबलावर ठेवला. समोर वेली शांत उभ्या होत्या. पुढच्या पौषात त्यांची वाइन फिकी लागली, तर हाच व्हॉल्व्ह बंद करायला आपला हात पुढे होणार नाही, असं ती देवासमोर उभी राहून सांगू शकली असती का?