ताईची बाजू

यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण त्या दिवशी मी स्वतः त्या खोलीत होतो. दिवेलागणीची वेळ. खाली रस्त्यावर पोरांचा दंगा चाललेला. भुताखेताची म्हणावी अशी रात्रही नव्हती.

गोष्ट माझ्या साडूंची आहे. त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. त्यांची थोरली, म्हणून आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो आणि साडूंना भाऊ.

भाऊ सोफे बनवतात. कापड ठोकायचे बारीक खिळे ते ओठांत धरतात, त्यामुळे कामाला बसले की माणूस मुका. ताई म्हणायची, "यांच्याशी भांडायचं तर तोंडात खिळे असतानाच. उलट उत्तर येत नाही."

घरचा सोफाही त्यांच्याच हातचा. उजवं टोक ताईचं. तिथली एक स्प्रिंग ढिली झाली होती. ताई टेकली की आवाज व्हायचा.

कुर्र...

भाऊ म्हणायचे, "बदलून टाकतो."

"आधी गिऱ्हाइकांचं उरका. घरचं मेलं कुठे पळून जातंय!"

ताईला एका जुन्या इंग्रजी कादंबरीचं वेड होतं. राणी व्हिक्टोरियाच्या काळातली. एका शिवणकाम करणाऱ्या मुलीचा नवरा जहाजावर जातो आणि बेपत्ता होतो. सगळं गाव म्हणतं, बुडाला. ती एकटी मानत नाही. ताईने ती कॉलेजात असताना वाचली, पण त्या प्रतीची शेवटची पानं फाटलेली होती. दुसरी प्रत कुठे मिळाली नाही, त्यामुळे तो परत येतो की नाही, हे तिला कधी कळलंच नाही. कुणी सांगू लागलं तर कानांवर हात ठेवायची.

मग त्या कादंबरीवरची मालिका आली. ताई लहान पोरीसारखी खूश झाली. रोज संध्याकाळी दोघांनी एक भाग बघायचा. पुस्तकात नसलेलं काही दाखवलं की ती जिभेने आवाज करायची.

च्च...

"असं नाहीये त्यात. उगाच घुसडलंय."

"अगं, बघू दे की मला!"

शेवटचा भाग राहिला आणि ताई आजारी पडली. दवाखान्यात जाताना म्हणाली, "एकट्याने बघायचा नाही हं. बघितलात तर गाठ माझ्याशी आहे."

ती घरी आली नाही.

बरेच दिवस भाऊंनी टीव्हीला हात लावला नाही. मग एका संध्याकाळी घर खायला उठलं, तशी त्यांनी मालिका पहिल्यापासून लावली. सवयीने डाव्या टोकाला बसले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

पडद्यावर ती मुलगी जहाजाला हात हलवत होती.

आणि शेजारी...

कुर्र...

भाऊंनी तो आवाज ओळखला. त्यांनी मान वळवली नाही. थोड्या वेळाने एक प्रसंग आला. पुस्तकात नसलेला.

च्च...

तेव्हाही त्यांनी मान वळवली नाही. वळवली आणि कुणी दिसलंच नाही तर?

त्यानंतर रोज संध्याकाळी तेच. शेवटच्या भागापाशी आले की भाऊ पुन्हा पहिल्यावर जायचे.

शेवटी त्यांच्या लेकीचा मला फोन आला. "काका, तुम्ही या. बाबा तीच ती मालिका बघतायत. मी शेवटचा भाग लावायला गेले तर रिमोट हिसकावला माझ्या हातातून. रडले हो, काका."

मी गेलो. सोफ्यावर टेकणार तोच भाऊ ओरडले, "तिथे नको! खुर्ची घ्या."

त्यांनी शेवटून दुसरा भाग लावला. मला वाटलं, माणूस दुःखाने भ्रमला आहे. पण मग...

च्च...

मी ऐकलं. लेकीनेही ऐकलं. तिने माझा हात गच्च धरला.

भाग संपला. भाऊंनी सवयीने पहिला भाग शोधायला घेतला. खोलीत शांतता.

कुर्र... कुर्र...

कुणीतरी उठत होतं, बसत होतं. आणि मग अगदी हळू... हुंदका.

"इथवर आलं की दर वेळी असंच करते," भाऊ म्हणाले.

"मग लावा की शेवटचा! आयुष्यभर थांबली आहे ती."

"आणि बघून झाल्यावर गेली तर?" ते माझ्याकडे वळले. "तुमचीही बायको गेली. तुम्ही तरी असं बोलू नका."



लेक त्यांच्या पायाशी बसली. "बाबा, आई रडतेय."

भाऊंनी तोंडावरून हात फिरवला. शेवटचा भाग लावला.

त्या अख्ख्या भागात एकदाही च्च झालं नाही. पडद्यावर ती मुलगी किनाऱ्यावर उभी राहिली. लांबून कुणीतरी चालत येत होतं. चेहरा दिसेना.

भाऊंनी चित्र थांबवलं.

"नाही जमत मला," ते म्हणाले. रिमोट त्यांनी सोफ्यावर मध्ये ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

आम्ही कुणीच हललो नाही. आणि मग...

चित्र आपोआप सुरू झालं.

तो माणूस जवळ आला. दाढी वाढलेली, एक पाय ओढत चाललेला. तिचा नवराच होता.

शेजारी कुणीतरी लांब श्वास सोडला.

कुर्र...

भाऊंनी पहिल्यांदाच मान वळवली. मीही पाहिलं. उजव्या टोकाला गादीत कुणी बसल्यासारखा खळगा होता. आमच्या देखत तो हळूहळू वर येत गेला, आणि गादी सपाट झाली.

भाऊंनी त्या जागेवर हात ठेवला. "अजून गरम आहे," म्हणाले. मग बराच वेळ हात तसाच ठेवून बसले. "सांगून तरी जायचंस गं."

त्यानंतर त्या घरात काही ऐकू आलेलं नाही. तो कशाचा प्रकार होता, मला माहीत नाही. मी कुणाला विचारायलाही गेलो नाही.

पण आता संध्याकाळी मीही टीव्ही लावतो. आवाज बारीक करतो आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे कान देऊन बसतो. काही येत नाही. येणारही नाही बहुतेक. आम्ही दोघांनी जे जे बघायला घेतलं, ते सगळं शेवटपर्यंत बघून संपवलं होतं.