बेटावरच्या निळ्या पिंपात

ही घटना खरी आहे.

रंगवून सांगितलेली नाही. उलट काही गोष्टी मुद्दाम गाळल्या आहेत, कारण त्या लिहिताना हात थांबतो.

गेल्या वर्षीच्या पोळ्याची दुपार. जागा सुरत. डिंडोलीच्या मागे एके ठिकाणी खाडी दुभंगते आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा एक होते. मधे जो जमिनीचा तुकडा उरतो, त्याला सगळे 'बेट' म्हणतात. साठ-सत्तर घरं, बहुतेक शहादा-शिरपूरकडची. पुरुष पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कामाला. यायला-जायला एकच पूल, तोही बिनकठड्याचा. पाणी संध्याकाळी तासभर. म्हणून प्रत्येक घराच्या मोरीत नाहीतर दारात एक मोठं निळं पिंप. मिलमध्ये रंगाची पिंपं रिकामी होतात ना, तीच. धुऊन, घासून आणलेली.

योगिताच्या घरीही तसंच एक होतं.

योगिता बी.कॉम. झालेली. लग्न होऊन बेटावर आली. नवरा ललित, सासू सरलाबाई आणि अडीच वर्षांची तारा. पहिलंच लेकरू, त्यामुळे योगिताचा जीव कायम टांगणीला. तारा झोपली की ती तिच्या नाकापुढे बोट धरून बघायची. सरलाबाई हसायच्या, "आम्ही पाच लेकरं वाढाई टाकात, एकनाबी श्वास मोजा नही कधी!"

बेटावरच्या सगळ्या बातम्या छगनकडून यायच्या. छगन नळाची कामं करायचा आणि मोबाईलवर 'बेट समाचार' नावाचा ग्रुप चालवायचा. गटार तुंबली, दिवे गेले, पालिकेत काय ठरलं, सगळं त्याच्या लाईव्हवर. बायका त्याची फिरकी घ्यायच्या.

"छगनभाऊ, पुलाच्या कठड्याचं काय झालं?"

"वर बोलणं चालू आहे, वहिनी."

"वर म्हणजे कुठं? आभाळात?"

छगनही हसायचा. माणूस वाईट नव्हता. पण त्याने एखादी गोष्ट सांगितली की बेटाला ती वेदवाक्य वाटायची.

आणि एक माणूस बाहेरून यायचा. नटूभाई. पालिकेच्या मलेरिया खात्याचा. दर आठवड्याला घरोघर फिरून साठवलेलं पाणी बघायचा. पिंपाच्या झाकणावर बोटाच्या पेराने वाजवायचा. टक... टक... टक. "बेन, पानी जोई लउं?" मग झाकण उघडून टॉर्च मारायचा, डासांच्या अळ्या शोधायचा आणि छोट्या बाटलीतून औषधाचे थेंब टाकून निघून जायचा. तारा त्याच्यामागे दारापर्यंत धावायची. "मच्छलकाका, टाटा!"

पोळ्याच्या आदल्या दिवशी बेटावरची मुलं उलट्या करायला लागली.

एक, दोन, मग घरोघर. ताराही. रात्रभर तिने पोटात पाण्याचा घोट ठरू दिला नाही. योगिता तिला खांद्यावर घेऊन बसून होती.

सकाळी छगनचा लाईव्ह आला. आवाज चढलेला.

"बेटवासीयांनो, डोळे उघडा! पालिकेला हे बेट रिकामं पाहिजे. इथं बाग करायची आहे त्यांना. आपण उठत नाही, म्हणून आता पोरांच्या जिवावर उठलेत. पिंपात थेंब कोण टाकतो? सांगा, कोण टाकतो?"

खरं तर छगननेच चोरून जोडलेल्या नळाचा पाईप गटारीत फुटला होता आणि ती घाण सगळ्यांच्या पाण्यात येत होती. हे पुढे उघडकीला आलं. तेव्हा फार उशीर झाला होता.

दुपारी योगिता पुरण वाटत होती. तारा कॉटवर पेंगत होती. बाहेर मांडवाचे बांबू ठोकायचं काम चालू होतं, गणपती चार दिवसांवर आले होते.

अचानक ठोकणं थांबलं.

मग ओरडा झाला. "आला! आला! धरा त्याला!"

योगिताने खिडकीतून पाहिलं. नटूभाई पुलावरून नुकता उतरला होता. खांद्याला तीच पिशवी. माणसं चारी बाजूंनी येत होती आणि त्याला अजून काही कळलं नव्हतं. तो हसत होता.

पहिला बांबू त्याच्या तोंडावर बसला.

तो पळाला. पळत थेट योगिताच्या दाराशी आला. ओळखीचं दार वाटलं असेल. दोन्ही हातांनी दार बडवायला लागला. "बेन! बेन, खोलो! बेन, मारी नाखशे!"

योगिताचा हात कडीवर गेला...

"कडी लाव!" सरलाबाई किंचाळल्या. "पोरले आंगजवळ ले! बाहेर काय चालू से ते आपले काय करनं?"

तारा जागी होऊन रडत होती. दार हलत होतं. योगिताने कडी घातली. वरचा बोल्टही घातला.

नंतर दारावर जे आवाज झाले ते हाताचे नव्हते. डोकं आपटल्याचे होते. फळीच्या फटीतून काहीतरी ओलं आत आलं आणि उंबऱ्यावर पसरलं. लाल.

त्याला ओढत नेल्याचा आवाज आला. छगनच्या दारातल्या पिंपापर्यंत.

"पी! तूच पी तुझं औषध!"

पाण्याचा खळखळाट. पायांची भिंतीच्या पत्र्यावर धडधड... धडधड...

मग काहीच नाही.

ललित चार वाजता घरी आला. कुणाकडे न बघता मोरीत गेला. योगिताने बघायचं ते बघून घेतलं. शर्टाच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

"तुम्ही होतात तिथं?"

"मी ड्युटीवर होतो."

"अहो, आज पोळ्याची सुट्टी घेतली होती ना?"

"सांगितलं ना, ड्युटीवर होतो!"

पोलीस आले. प्रेत पुलाखाली सापडलं. पुलाला कठडा नाही, पाय घसरला असेल, असं सगळं बेट एका तोंडाने म्हणालं. योगिताने तोंड उघडायच्या आधी सासू तिच्या कानाशी लागली, "तू बोलशी ते मना पोऱ्या मरी जाई. तोंड शिवी ले."

तिने शिवलं.

पुढचे दोन दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं...

डास नव्हते.

खाडीकाठचं घर, भाद्रपद महिना, आणि एक डास नाही. संध्याकाळी बेडूक ओरडत नव्हते. नाल्यावरची कुत्री पुलापलीकडे जाऊन बसली होती आणि भाकरी दाखवली तरी अलीकडे येत नव्हती. बायका खूश होत्या. "बरं झालं बाई, मच्छरदाणीची कटकट गेली!"

योगिताला बरं वाटत नव्हतं.

गणपती बसले त्या संध्याकाळी ती भांडी घासत होती. आरतीचा आवाज दुरून येत होता. पाठीमागे, अगदी जवळ...

टक... टक... टक.

तिने मागे बघितलं. मोरीत ती एकटीच. पिंपाचं झाकण घट्ट लावलेलं.

टक... टक... टक.

झाकण किंचित हलत होतं. आवाज वरून येत नव्हता.

आतून येत होता.

ती ताराला उचलून बाहेर पळाली. सासूला सांगितलं, तर सासू म्हणाली, "पानी तापस, मंग प्लास्टिक वाजस." पण त्या रात्रीपासून सरलाबाईंनीही पिंपातलं पाणी प्यायचं सोडलं. विचारलं तर म्हणायच्या, तहानच नाही.

आवाज सगळ्यांकडे येत होता. कुणी कुणाला सांगत नव्हतं, एवढंच.

गौरीजेवणाच्या दिवशी दुपारी छगनचा लाईव्ह लागला. योगिताने पाहिला, बेटावरच्या जवळपास प्रत्येकाने पाहिला.

"काही लोक अफवा पसरवतात की पाण्यात काहीतरी आहे," छगन हसून म्हणत होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. "हे बघा माझं पिंप. हे बघा, झाकण काढतो. पाणी काचेसारखं. दिसतंय ना?"

मोबाईल त्याने पाण्यावर धरला. पाणी खरंच स्वच्छ होतं. तळ दिसत होता.

"दिसतंय ना सगळ्यां..."

मोबाईल खाली पडला. पडद्यावर फक्त पत्र्याचं छप्पर. आणि आवाज. पायांची धडधड. नखं प्लास्टिकवर ओरबाडल्याचा आवाज. एक बुडबुडता, लांबलेला हुंकार.

लोक धावत पोचले तेव्हा छगन कमरेपर्यंत पिंपात उलटा होता. चौघांनी ओढला तरी निघेना. शेवटी निघाला, तेव्हा चेहऱ्याची कातडी पिंपाच्या काठाने सोलली गेली होती. दाताखाली स्वतःचीच जीभ तुटलेली.

शुभम नावाचा लूमवरचा पोरगा त्याच संध्याकाळी बेट सोडून गेला. पांडेसऱ्यात कारखान्यातच झोपायला लागला. तिथेही हात-पाय धुवायला पिंप होतंच. दोन दिवसांनी तो त्यात सापडला. पिंप अर्धंही भरलेलं नव्हतं, तरी मान खांद्यापासून मोडून डोकं पाण्यात गेलेलं.

त्या रात्री ललित जेवला नाही. भिंतीला पाठ लावून बसला.

"तुम्ही होतात," योगिता म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

तो रडायला लागला.

"उद्या पोलिसांत चला. नाहीतर मी ताराला घेऊन जाते."

"तू माझी बायको आहेस का वैरीण?"

"मी ताराची आई आहे."

सकाळी उठल्यावर पहिलं काम पिंप रिकामं करायचं, असं तिने ठरवलं होतं. पण सकाळी ताराला दूध हवं होतं. गॅसवर दूध ठेवलं, तेवढाच वेळ तिची पाठ वळली. घरात एकदम शांत झालं...

योगिताला ती शांतता ओळखू आली.

ती मोरीकडे वळली. तारा पिंपाशेजारच्या स्टुलावर चढली होती. झाकण बाजूला पडलं होतं. इवल्याशा बोटाने ती पिंपाच्या कडेवर वाजवत होती आणि पाण्यात वाकून हसत होती.

"कोण आहे, तारा?"

"आत ये म्हणतंय," तारा म्हणाली.

योगिताच्या आधी ललित पोचला. त्याने ताराला दंडाला धरून मागे फेकलं. पोर भिंतीवर आपटलं, पण वाचलं. आणि ताराला ओढताना तो क्षणभर पाण्यावर वाकला.

तेवढं पुरलं.

त्याचं डोकं आत गेलं. कुणी ढकललं नाही, तो घसरला नाही. दोरीने ओढल्यासारखं गेलं. त्याचे पाय जमिनीवरून सुटले. योगिताने त्याच्या पट्ट्याला धरलं आणि सगळं वजन मागे टाकलं. पट्टा तुटला. पाण्यात लाल धागे तरंगायला लागले. सरलाबाई दारात उभ्या राहून नुसत्या ओरडत होत्या.

योगिताने ओट्यावरचा लोखंडी बत्ता उचलला आणि पिंपाच्या तळाशी बसवलेल्या तोटीवर घातला. एक घाव. दुसरा. तिसऱ्याला तोटी उडाली आणि जुनं प्लास्टिक खालून वरपर्यंत चिरलं. घरभर पाणी झालं. ललित पिंपासकट आडवा पडला.

पिंप रिकामं होतं. पूर्ण रिकामं.

ललितचा श्वास चालू होता. योगिताने त्याची मान बघितली. मागे काहीच नव्हतं, एक ओरखडाही नाही. बोटांचे वळ गळ्यावर होते. समोरून. खालून कुणीतरी धरल्यासारखे.

त्याच दिवशी ललित पोलीस चौकीत गेला. योगिता बरोबर गेली. ताराच्या कपाळाला टेंगूळ होतं, ती मांडीवर झोपली होती. सासूने उंबऱ्यातून तळतळून शिव्याशाप दिले. "नवराले फाशी देस तू, फाशी!" योगिताने मागे वळून पाहिलं नाही.

आता ती कडोदऱ्याला भावाशेजारी राहते. एका शाळेत कारकुनी करते. ताराला बालवाडीत घातलंय. नळाला दिवसभर पाणी असतं, साठवावं लागत नाही. ललितची केस चालू आहे, तो तुरुंगात आहे. तब्येत चांगली आहे.

महिन्यापूर्वी ती त्याला भेटायला गेली. जाळीपलीकडे तो बसला होता. इतके महिने जे विचारायचं टाळलं, ते तिने त्या दिवशी विचारलं.

"त्याला किती वेळ धरलं होतंत तुम्ही?"

ललित स्वतःच्या हातांकडे बघत बोलला.

"छगनने केस धरले होते. शुभमने पाय. मी मान. चार घोट पाजून सोडायचं, एवढंच ठरलं होतं."

"मग?"

"सोडलं."

"सोडलं म्हणजे?"

"तिघांनी हात काढले, योगिता. सोडलं आम्ही त्याला. डोकं वर येईना. तो लाथा मारत होता आणि डोकं वर येईना. मग आम्ही ओढायला लागलो. तिघं मिळून बाहेर ओढत होतो त्याला. आतून कुणीतरी धरलं होतं."

वेळ संपली. शिपायाने हाक मारली.

हे त्याने कोर्टात सांगितलेलं नाही. सांगून कोण ऐकणार? वकील म्हणेल, शिक्षा चुकवायला रचलेली गोष्ट आहे. असेलही. माणूस जिवाच्या भीतीने काय वाट्टेल ते बोलतो.

पण तो खरं बोलत असेल तर नटूभाईचा आत्मा कुणाच्या मागे नव्हताच कधी. तर मग त्या पाण्यात त्याच्याही आधीपासून कोण होतं? ताराला 'आत ये' कोण म्हणत होतं? बेटावर आजही लोक राहतात. संध्याकाळी पाणी येतं, पिंपं भरतात. लहान लेकरं आहेत तिथे.

योगिता रोज देवापुढे दिवा लावते. तारा शेजारी हात जोडून उभी असते. आई काय मागते ते तिला कळत नाही, आणि कळू नये.

ती मागते, देवा, माझा नवरा खोटं बोलत असू दे. त्यानेच मारलेलं असू दे.