तण नसलेला वाफा

"एकही नाही!" बारक्या भिंग आपटत म्हणाला. "आज तेविसावा दिवस! मुंग्यासुद्धा कंटाळून निघून गेल्या!"

"नीट बघ की. बी खसखशीएवढं, मग कोंब केवढा असणार?" ताईने भिंग हिसकावून घेतलं आणि ती स्वतःच वाफ्यापाशी पालथी पडली.

तेरा वर्षांची ताई आणि अकरा वर्षांचा बारक्या आठवड्यापूर्वीच सुट्टीसाठी मावशीकडे आले होते. त्यांच्या शेजारी उकिडवी बसली होती ती भिंगरी, पलीकडच्या घरातल्या इंजिनिअर आजोबांची नात. खरं तर बसली होती म्हणणं चुकीचंच. दर दोन मिनिटांनी ती उठून एक चक्कर मारून येत होती. नाव उगाच नव्हतं पडलं!

मावशी शाळेत विज्ञान शिकवायची. गेल्या वर्षी तिने गावाबाहेरच्या टेकडीवरून निळ्या रानफुलांचं बी गोळा केलं होतं. ही फुलं एकाच हंगामाची. उगवायची, फुलायची, बी टाकायची आणि मरून जायची. मागे उरायचं ते फक्त बी. त्यानंतर दोन महिन्यांत रस्त्याच्या कामासाठी टेकडीच खोदून नेली. आता तिथे नुसता खड्डा होता. मावशीने आसपासचे सगळे माळ पालथे घातले, पण ते फूल पुन्हा कुठेच दिसलं नाही.

मग तिने परसात वाफा केला. खत मुद्दाम घातलं नाही. "यांचे लाड केले की नुसती पानं काढत बसतात," ती म्हणाली होती. बी कोरड्या वाळूत मिसळून तिने वाफ्यावर भुरभुरवलं, हाताने हलकेच दाबलं आणि रोज बारीक छिद्रांच्या झारीने पाणी घातलं. पण काहीच उगवलं नाही.

"बीच मेलं होतं," मावशी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "नीट वाळलं नसेल. चूक माझीच." ती चहा प्यायला लागली, बागेकडे पाठ करून.

तेवढ्यात भिंगरी चक्कर मारून परत आली. "ए, पण मग तण कुठंय?"

"काय?"

"तण! तुमच्या कुंड्यांत आहे, नळापाशी आहे, पायरीच्या फटीतसुद्धा आहे. या वाफ्यात मात्र गवताचं एक पातं नाही!"

ताई ताडकन उठून बसली. "बारक्या, फुलाचं बी मेलेलं असेल. पण गवत? गवत कोण पेरतं?"

तिघं मावशीपुढे जाऊन उभे राहिले. थोडं बी शिल्लक आहे का, ताईने विचारलं. मावशीने कपाटातून पाकीट काढलं. त्यात मोजून दहा बिया निघाल्या. "शेवटच्या आहेत. घ्या. तशाही मेलेल्याच."

ताईने ताटलीत ओलं फडकं पसरून त्यावर त्या ठेवल्या. बारक्याने दोन पेल्यांत मोहरी पेरली, एकात वाफ्यातली माती आणि दुसऱ्यात अंगणातली.

सहाव्या दिवशी बारक्या ओरडतच आला. "आली! सात आली! मावशी, बी जिवंत आहे!"

मावशी ताटलीवर वाकली. पांढऱ्या धाग्यांसारखे सात कोंब फडक्याला चिकटले होते. तिला आनंद होईल असं वाटलं होतं, पण ती मटकन खुर्चीत बसली. "म्हणजे वाफ्यातलंही जिवंत होतं," ती हळूच म्हणाली. "सगळं."

भिंगरीही जागची हलली नाही.

पेल्यांनी उरलेलं सांगितलं. अंगणातल्या मातीत मोहरी हिरवीगार, तर वाफ्यातल्या मातीत पिवळी पडून आडवी! मातीत काहीतरी होतं. मग तिघांनी वाफ्याभोवतीची जमीन इंच न् इंच तपासली आणि कुंपणाच्या भिंतीखाली एक फट सापडली. फटीपासून वाफ्यापर्यंत ओघळाची वाळलेली, पांढुरकी रेघ होती.

"पलीकडे तर आमचं अंगण!" भिंगरीचा आवाज एकदम बारीक झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादली उपडी घालून तिघं आळीपाळीने भिंतीवरून डोकावले. आजोबांनी नव्या फरश्या बसवल्या होत्या. फटींतून गवत येऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा फवारणीवाला यायचा. त्या सकाळीही त्याने अंगणभर तणनाशक फवारलं. मग भिंतीशी बसून पंप धुतला आणि ते पाणी तिथेच ओतून दिलं. पाणी सळसळत फटीतून इकडे आलं!

तिघं धावतच आजोबांकडे गेले. आजोबा व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. विषारी पाणी भिंतीखालून मावशीच्या वाफ्यात जातंय, असं तिघांनी सांगितलं.

"नुसतं पाणी आहे, साहेब," फवारणीवाला म्हणाला. "पंप धुतलेलं."

"ऐकलंत?" आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि पाण्याचा उतार तुम्ही मला शिकवणार? चाळीस वर्षं कालवे बांधलेत मी! जा, खेळा."

"हे मोठे लोक ना!" बाहेर आल्यावर बारक्या धुसफुसला.

भिंगरीने मात्र एक चक्कर मारली. मग म्हणाली, "आजोबा माझं ऐकत नाहीत. गुलाबाचं ऐकतील."

पुढच्या आठवड्यात फवारणीवाल्याने पंप धुवायला घेतला, तोच कुंडी ओढत भिंगरी आली. आजोबांचा लाडका गुलाब! मागून ताई आणि बारक्या ढकलत होते.

"काका, पाणी वाया कशाला घालवता? याला घाला ना!"

"नको, नको. राहू दे."

"का? नुसतं पाणीच आहे ना?"

"घाल की रे," आजोबा व्हरांड्यातून म्हणाले. "पोरं एवढी कुंडी ओढत आली आहेत."

फवारणीवाल्याने बादली उचलली, पुन्हा खाली ठेवली. कपाळावरचा घाम पुसला. "साहेब... गुलाब जळेल."

आजोबांच्या हातातलं वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं.

संध्याकाळी ते स्वतः फवारणीवाल्याला घेऊन मावशीकडे आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "मुली, मला माफ कर. भिंतीची फट उद्या बुजवतो. पण काय ही पोरं! बी तपासलं, माती तपासली, आणि मलाही बरोबर पकडलं! माझ्या हाताखालचे अधिकारीसुद्धा इतके हुशार नव्हते." त्यांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. फवारणीवाल्यानेही मान डोलावली आणि बरोबर आणलेल्या तणनाशकाच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. त्या मातीत वर्षभर काहीही उगवणार नव्हतं.

बारक्याला कुठे बघावं कळेना. एवढं कौतुक आयुष्यात कधी झालं नव्हतं, आणि त्याला रडू येत होतं.

ताटलीतली सात रोपं मुलांनी केव्हाच कुंडीत लावली होती. मुळं फार नाजूक. पहिल्या आठवड्यात तीन कोलमडली, पुढे आणखी दोन. दोन राहिली. सुट्टी संपायला चार दिवस असताना त्यातल्या एकावर फूल उघडलं. नखाएवढं, निळं. दुसऱ्याची कळी घट्ट मिटलेली होती.

"एकट्या फुलात बी धरत नाही," मावशी म्हणाली. "दुसऱ्या रोपाचा पराग लागतो. आणि दुसरं उमलेपर्यंत हे गळून जाईल."

"पराग जपून ठेवता येणार नाही?" ताईने विचारलं.

"फ्रिजमध्ये, कागदाच्या पुडीत, फार तर थोडे दिवस. पण आशा धरू नका हं."

तरी मावशीने रंगाच्या कुंचल्याने पराग पुडीत झटकला. दुसऱ्या दिवशी ते फूल गळलं. कळी मिटलेलीच होती. मुलं गेली तेव्हाही ती मिटलेलीच होती.

शाळा सुरू होऊन महिना झाला. एके दिवशी दुपारी फोन वाजला. ताईने उचलला.

"मावशी! काय झालं?"

"झाड वाळलं. दोन्ही वाळली." मावशी थांबली. मागून भिंगरीचा आवाज येत होता, "सांगा ना! सांगा ना!" मावशी म्हणाली, "दुसरं उमलल्यावर पुडीतला पराग लावला, तर त्यावर एक बोंड धरलं होतं. आत्ता फोडलं. पाच बिया निघाल्या. तीन पोचट आहेत."

ताईने बारक्याचा हात घट्ट धरला. "आणि दोन?"

"भरलेल्या वाटतात," मावशी म्हणाली. "तुम्ही ती ताटली मांडली नसती तर याही नसत्या. शाबास रे पोरांनो. त्या दोन बियांना हात लावायचीही भीती वाटते मला."